उचललेल्या नांगराखाली



मी कविता लिहिणारा माणूस. आकाशवाणीच्या स्टुडिओत याआधी आलो तो कविता वाचायला. या खेपेला 'जुन्या ट्रॅक्टरच्या लिफ्टवर बोलतो' असं म्हणालो, तेव्हा मला दोनदा विचारण्यात आलं, "नक्की ना?" नक्की. माझं शिक्षण बी. ए.पर्यंतचं, यंत्रांचं शिक्षण काहीच नाही. पण आमच्या घरी चाळीस वर्षांपासून एक ट्रॅक्टर आहे, आणि त्याच्या लिफ्टबद्दल मला जे ठाऊक नव्हतं ते आमच्या घराला फार महाग पडलं. तेच सांगायला आलो आहे. आधी ही लिफ्ट चालते कशी ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आम्ही सिरोंच्याचे. गडचिरोली जिल्ह्याचं हे अगदी दक्षिणेचं टोक. गावाच्या अंगाला प्राणहिता, थोडं खाली जाऊन ती गोदावरीला मिळते, पलीकडे कालेश्वरमचं देऊळ. आमच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि आमच्या घरची दखनी एकाच वेळी कानावर पडतात. शेती धानाची, कापसाची आणि नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत मिरचीची. १९८५ साली अब्बांनी नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याकडून जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ विकत घेतला. तेव्हा नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात पात्र ओसरल्यावर वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून तो ट्रॅक्टर अलीकडे आला, आणि त्याच्यामागे मुलांची ही मोठी वरात.

ट्रॅक्टर चालतो याचं गावाला नवल नव्हतं. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. सोबत आलेल्या मिस्त्रीनं सीटच्या उजव्या बाजूचा एक लहानसा दांडा दोन बोटांनी मागे घेतला, आणि दोघा गड्यांना नीट हलवता येत नव्हता असा दोन फाळांचा लोखंडी नांगर अल्लाद वर आला. मिस्त्री तेलुगू बोलणारा. आम्ही सगळे त्याला अन्ना म्हणायचो. मुलं पुढे सरसावली तसा तो ओरडला, "मेल्लगा, मेल्लगा!" म्हणजे हळू, सावकाश. तो शब्द मी त्या दिवशी ऐकला खरा, पण मनावर घेतला नाही.

आता ही शक्ती येते कुठून? सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानानं एक नियम मांडला. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, एक चौरस सेंटिमीटरच्या बारीक दट्ट्यावर तुम्ही दहा किलोचा भार दिला. तेच तेल पुढे चाळीस चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्याखाली गेलं, तर तिथं चारशे किलो उचलण्याची ताकद मिळते. फुकट काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर यायला लहान दट्ट्याला चाळीस सेंटिमीटर तेल ढकलावं लागतं. ट्रकवाल्यांचा बाटलीसारखा जॅक तुम्ही पाहिला असेल. दांडा पंचवीस वेळा वरखाली करावा तेव्हा गाडी बोटभर उचलली जाते. ट्रॅक्टरमध्ये हा दांडा मारण्याचं काम इंजिन करतं, आणि ते मिनिटाला शेकडो वेळा करतं, म्हणून नांगर पाहता पाहता वर येतो.

आमच्या मॅसीच्या पोटात, मागच्या भागात, चार लहान दट्ट्यांचा पंप आहे. तो तेलात बुडालेला असतो. हे तेल वेगळं नाही. गिअरबॉक्सला, मागच्या दंत्यांना आणि लिफ्टला तेच एक सुमारे तीस लिटर तेल. पंप ते तेल सीटखालच्या सिलिंडरमध्ये ढकलतो. तिथला मोठा दट्ट्या एका आडव्या दांड्याला फिरवतो. त्या दांड्याच्या दोन टोकांना दोन बाहू, आणि बाहूंना लटकलेल्या खालच्या दोन लिंका. नांगर अडकतो तो या दोन लिंकांना आणि वरच्या एका टॉप लिंकला, अशा तीन जागी. म्हणून या रचनेला तीन-बिंदू जोडणी म्हणतात.

तेल आत घ्यायचं, कोंडून ठेवायचं की परत सोडायचं हे ठरवते एक झडप. आपण दांडा हलवतो म्हणजे ही झडप हलवतो. वर घेतला की तेल पंपात शिरतं आणि नांगर चढतो. हवी ती उंची आली की झडप दोन्ही वाटा बंद करते आणि तेल कोंडलं जातं. खाली केला की परतीची वाट उघडते आणि नांगराच्या वजनानंच तेल बाहेर ढकललं जातं. यातली एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. नांगर चढवायला इंजिन लागतं. उतरायला इंजिन लागत नाही. इंजिन बंद असलं, किल्ली खिशात असली, तरी दांडा खाली गेला की नांगर खाली येतो.

ही लिफ्ट केवळ उचलण्यासाठी केलेली नाही, हे मला फार उशिरा कळलं. बैलाच्या नांगरामागे माणूस असतो. जमीन कठीण लागली की तो रुमण्यावरचा हात हलका करतो, भुसभुशीत लागली की दाब देतो. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांनी बैलांची जागा घेतली, पण रुमण्यावरचा तो जाणता हात गेला. नांगर मागे नुसता साखळदंडानं ओढल्यासारखा यायचा. तो एखाद्या खोडात किंवा दगडात अडकला, की मागची चाकं पुढे जाऊ पाहायची, नांगर हलायचा नाही, आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. अशा अपघातांत कितीतरी माणसं दगावली.

यावर तोड काढली हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं. हा शेतकऱ्याचा मुलगा, शेतीचा कंटाळा करून मोटारींच्या धंद्यात गेलेला. १९०९ सालच्या ३१ डिसेंबरला स्वतः बांधलेलं विमान उडवून आयर्लंडमधला पहिला वैमानिक ठरलेला. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारनं त्याला ट्रॅक्टर-नांगरांची पाहणी करायला पाठवलं. त्याच्या ध्यानात आलं, की ट्रॅक्टर आणि नांगर ही दोन वेगळी यंत्रं असता कामा नयेत, दोन्ही मिळून एकच अंग झालं पाहिजे. १९२६ मध्ये त्याला त्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, १९३६ मध्ये त्या रचनेचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये त्यानं अमेरिकेत हेन्री फोर्डला आपला ट्रॅक्टर चालवून दाखवला आणि दोघांनी कागद न करता नुसते हात मिळवले. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात तो करार मोडला, खटला चालला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. १९४६ पासून इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत त्याचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येनं तयार झाला. एव्हरेस्टवीर हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरांवर. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली. १९६० मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, टाफे कंपनी निघाली आणि मॅसीचा लाल ट्रॅक्टर आपल्याकडे आला. आयशर, महिंद्र, एस्कॉर्ट्‌स, एचएमटी, स्वराज या सगळ्यांच्या मागे तुम्हाला तेच तीन बिंदू दिसतील.

फर्ग्युसननं रुमण्यावरचा हात परत आणला तो असा. नांगर जमिनीत खोल रुतला, की माती त्याला मागे ओढते आणि वरची टॉप लिंक पुढे, ट्रॅक्टरच्या अंगात रेटली जाते. तिथं एक जाड स्प्रिंग आहे. स्प्रिंग दबली की तिला जोडलेली दांडी झडप हलवते, थोडं तेल आत जातं आणि नांगर किंचित वर येतो. ओढ कमी झाली, की स्प्रिंग मोकळी होते आणि नांगर पुन्हा आपल्या खोलीवर जातो. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नांगराचं आणि मातीचं ओझं मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. आणि टॉप लिंकचा रेटा पुढच्या दिशेला असल्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड सहसा उठत नाही.

म्हणून आमच्या सीटशेजारी दोन दांडे आहेत. एक ओढीचा, तो नांगरटीसाठी. दुसरा उंचीचा, म्हणजे जिथं दांडा ठेवाल तिथं अवजार थांबेल. मातीची फारशी ओढ नसलेल्या कामाला, पाटा मारायला, पेरणीला, अवजार उचलून नेण्याला हा दुसरा. बरेच जण दोन्हीपैकी एकच दांडा जन्मभर वापरतात आणि नांगर कुठं खोल, कुठं उथळ जातो म्हणून ट्रॅक्टरला बोल लावतात.

अब्बांचीही एकदा अशीच फजिती झाली होती. ऐन चिखलणीच्या दिवसांत लिफ्ट उठेना. बांधीत पाणी भरलेलं, पऱ्हे तयार, रोवणीच्या बाया ठरलेल्या. मला अन्नाला आणायला पाठवलं. जाऊन येऊन अख्खा दिवस गेला. अन्ना आला, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि पी.टी.ओ.चा दांडा पुढे सरकवला. लिफ्ट उठली. या जुन्या रचनेत लिफ्टचा पंप पी.टी.ओ.च्याच शाफ्टवर फिरतो. तो दांडा बंद राहिला, की इंजिन कितीही गुरगुरलं तरी पंप गप्प. आमचा ट्रॅक्टर सिंगल क्लचचा, त्यामुळे क्लच दाबून धरला तरी तेच होतं. अन्नानं चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. जाताना अब्बांना म्हणाला, "खोलायच्या आधी बघायचं."

आता त्या दिवसाकडे येतो. १९८८ सालचा जून. मी विशीत, कॉलेजला सुटी म्हणून घरी. माझे थोरले बंधू, भाईजान, त्यांनीच शेती सांभाळलेली. धुऱ्याजवळच्या करंजाखाली ट्रॅक्टर उभा होता, नांगर उचललेला, इंजिन बंद. एका फाळाचा बोल्ट ढिला झाला होता. भाईजान पाना घेऊन नांगराखाली सरकले. मी सावलीला म्हणून सीटवर बसून वाचत होतो. त्यांनी सोळा नंबरचा पाना मागितला. मी पुस्तक काखेत धरून उजव्या बाजूनं घाईत उतरायला गेलो आणि माझ्या पायाचा धक्का लिफ्टच्या दांड्याला लागला.

आवाज फार मोठा झाला नाही. तेल परत फिरल्याचा एक सुस्कारा, आणि नांगर खाली. फाळ भाईजानांच्या उजव्या पावलावर आला. आणि मला काय करायचं ते कळेना. नांगर वर घ्यायला इंजिन सुरू करावं लागणार, आणि मला ते सुरूही करता येत नव्हतं. शेजारच्या शेतातली चार माणसं धावून आली, त्यांनी पहारींनी नांगर उचलून धरला. भाईजानांना खाटेवर घातलं, नावेतून नदीपलीकडे नेलं, तिथून जीपनं वरंगलला. पाऊल वाचलं, दोन बोटं गेली. भाईजान तेव्हापासून लंगडतात. त्यांचं ठरत आलेलं लग्न त्या वर्षी मोडलं, पुढे चार वर्षांनी झालं.

घरी येणारा-जाणारा विचारायचा, "कसं झालं?" भाईजान दर वेळी एकच सांगायचे, "नांगर पडला." मी शेजारी उभा असायचो. मराठीत 'पडला' आणि 'पाडला' यांत एका कान्याचा फरक आहे. भाषेवर पोट नसलं तरी जीव असलेला मी माणूस, तो कान्याचा फरक मला रोज ऐकू यायचा. अब्बा गेले, त्यांनाही शेवटपर्यंत 'पडला' हेच माहीत होतं. मी अनेकदा बोलायला गेलो, तर भाईजान म्हणायचे, "राहू दे."

पाऊल बरं झाल्यावर भाईजानांनी पहिलं काम काय केलं असेल, तर सागाचा एक ठोकळा करून घेतला. हातभर उंच, बूड रुंद. त्याला दोरी लावून तो ट्रॅक्टरला कायमचा बांधला. उचललेल्या अवजाराखाली तो सरकवल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही, असा घरात नियम झाला. विटा नकोत, त्या फुटतात. नुसता जॅकही नको, तोही तेलाच्याच भरवशावर उभा असतो. काम नसेल तेव्हा नांगर जमिनीवर टेकवून ठेवायचा. अवजार जोडताना एकजण दांड्याशी आणि दुसरा ट्रॅक्टर-अवजाराच्या मधे, असं कधीच करायचं नाही. आमच्या जंगल भागासाठी आणखी एक. सागाचा लठ्ठा किंवा खोड ओढायला साखळी टॉप लिंकच्या जागी बांधू नका. तिथं ओढ उंचावर पडते आणि फर्ग्युसननं जो धोका टाळला तोच तुम्ही परत बोलावता. साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधायची.

लिफ्ट बिघडते तेव्हा आधी सांगून बिघडते. अवजार उचला, इंजिन बंद करा, दूर उभे राहून पाहा. ते लगेच खाली यायला लागलं, तर तेल कुठून तरी निसटतं आहे. दट्ट्याची सीलं झिजली असतील किंवा झडप नीट बसत नसेल. इंजिन सुरू असताना अवजार दर काही सेकंदांनी उचकी लागल्यासारखं हलत असेल, तर तेच कारण समजा. गळालेलं तेल झडप पुन्हा पुन्हा भरून काढते. सकाळी लिफ्ट झटकन उठते आणि दुपारी रडत उठते, याचा अर्थ तापून पातळ झालेलं तेल झिजलेल्या पंपातून मागे फिरतं. अजिबातच उठत नसेल, तर पी.टी.ओ.चा दांडा बघा, मग तेलाची पातळी, मग तेलाची जाळी. पंप खोलणं सगळ्यात शेवटी. आणि गळती शोधताना उघडं बोट लावू नका. बारीक भोकातून दाबानं येणारी तेलाची धार कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहायचं.

२०२२ च्या जुलैत गोदावरी आणि प्राणहितेला महापूर आला. आमचा ट्रॅक्टर दोन दिवस पाण्यात होता. पाणी उतरल्यावर पुतण्यानं खालचा बोल्ट काढला, तर आतून तेलाऐवजी ताक निघावं तसं पांढुरकं निघालं. तेलात पाणी मिसळलं की असं होतं, आणि त्यावर ट्रॅक्टर चालवला तर पंप, झडपा, गिअर सगळं गंजतं. पुतण्यानं ते सगळं काढलं, जाळी धुतली, स्वस्तातलं तेल भरून थोडं फिरवून पुन्हा काढलं, मग चांगलं तेल घातलं. लिफ्ट उठली. भंगारवाला त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता.

नांगर वर आल्यावर पुतण्याला खालून एक गळती बघायची होती. भाईजान खुर्चीवर बसले होते, मी त्यांच्याजवळ. आम्ही दोघं एकदमच तोंड उघडणार, तोवर त्यानं दोरीला धरून तो सागाचा ठोकळा ओढला, नांगराखाली बसवला, नांगर त्यावर टेकवला आणि मगच खाली सरकला. शेजारच्या एका पोरानं त्याला विचारलं, "हे कशाला?" तो खालूनच म्हणाला, "बाबांच्या पायावर नांगर पडला होता ना."

त्या रात्री मी पुतण्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बराच वेळ बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ठोकळ्याची जुनी दोरी सोडून त्यानं नवी बांधली, आणि लिफ्टच्या दांड्याला खिट्टी लावली, जी काढल्याशिवाय दांडा खाली जात नाही. हे काम मी चौतीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. भाईजान हे भाषण घरी ऐकत असतील. त्यांची परवानगी मी मागितली नाही, कारण ते 'राहू दे'च म्हणाले असते. भाईजान, नांगर पडला नव्हता. मी पाडला होता.

श्रोतेहो, रोवणीचे दिवस असोत की नांगरटीचे, हे ऐकताना तुमच्या अंगणात एखादा ट्रॅक्टर अवजार उचलून उभा असेल, तर जरा उठा. आधी भोवती कुणी नाही ना ते पाहा, लहान मुलं बाजूला करा, आणि अवजार खाली टेकवून या. मेल्लगा, सावकाश.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)